ताटाखालचं उत्पन्न

मिनास, ३ ऑगस्ट

ती. सौ. आक्का,

मधे दोन महासागर आडवे असल्यामुळे साष्टांग घालायला मला जागेची अडचण नाही. तेव्हा तो घातला आणि तुझ्या पायांपर्यंत पोचला असं धर. पत्र टपालात टाकलं तर ते तुला पुढच्या संक्रांतीला मिळेल, म्हणून कागदावर लिहून त्याचे फोटो चि. सौ. मृण्मयीच्या फोनवर पाठवतो आहे. सुनेने वाचायचं, सासूने ऐकायचं आणि दाजींनी मधेच झोपायचं, अशी व्यवस्था तुमच्या घरी असते ती तशीच चालू द्यावी.

प्रथम तक्रार. तक्रार गंभीर आहे, तेव्हा निदान एवढ्यापुरतं दाजींना जागं ठेव. संक्रांतीला तू टाकलेलं पाकीट मला आषाढ संपता संपता मिळालं. तिळगुळाबद्दल माझं काही म्हणणं नाही. (वाटेत कुणीतरी वेष्टणाला भोक पाडून हा भलता पदार्थ नाही ना याची खात्री करून घेतली, आणि ती बऱ्याच जणांनी करून घेतली असावी, कारण तुझ्या चिठ्ठीप्रमाणे अकरा वड्या होत्या आणि माझ्यापर्यंत चार आल्या. सात जण कुठेतरी गोड बोलत असतील.) माझी तक्रार पाकिटावरच्या नावाबद्दल आहे. घर सोडल्यापासून तू मला 'चि. प्रद्युम्न' असं लिहीत आलीस. या खेपेला स्वच्छ अक्षरात 'श्री. प्रद्युम्न' आहे. आक्का, मारुती, बिभीषण, अश्वत्थामा वगैरे सात जणांना जे मोठ्या खटाटोपाने मिळालं, ते मला तुझ्या बॉलपेनच्या एका फटकाऱ्याने तीस-पस्तीस वर्षं फुकट मिळत होतं, आणि तू ते कसलीही पूर्वसूचना न देता काढून घेतलंस. बरं, बदल्यात 'श्री' दिलीस म्हणावं, तर श्री म्हणजे लक्ष्मी. आणि तिचे माझे संबंध नेमके कोणत्या प्रकारचे आहेत, हे सरकारदरबारी सिद्ध करण्याचंच काम सध्या माझ्या मागे लागलेलं आहे. तुझा गुडघा कसा आहे? दाजींची साखर उतरली का, की अजून चहात आणि रक्तात समसमान आहे?

आता ते काम. मी इथे येऊन अकरा वर्षं झाली हे तू जाणतेसच. सरकारच्या लेखी मात्र मी अजून यायचाच आहे. माझ्या ओळखपत्रावर जो शब्द छापलेला आहे त्याचा अर्थ 'प्रक्रियेत'. ते पत्र दर थोड्या काळाने जुनं होतं, मी ते नवं करून घेतो आणि पुन्हा प्रक्रियेत जातो. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. (शास्त्रदृष्ट्या पाहिलं तर आपण सगळेच प्रक्रियेत आहोत, माझ्याकडे फक्त तसं पत्र आहे.) पण मे महिन्यात एक कागद आला. कायमच्या वास्तव्याची तुमची फाइल अकरा वर्षं उघडी पडून आहे, तीत एक कागद कमी आहे, तो पंधरा ऑगस्टच्या आत न आल्यास फाइल बंद करण्यात येईल. फाइल बंद म्हणजे मी बंद. मग मी नव्वद दिवसांचा पाहुणा, आणि पाहुण्याने इथे शिकवण्या करून पोट भरायचं नसतं. कमी असलेला कागद म्हणजे जीवनसाधनांचा दाखला. हा माणूस कुणाच्या पदरात न पडता स्वतःच्या कमाईवर जगू शकतो, असं नोटरीने शिक्क्यानिशी लिहून द्यायचं. (स्वावलंबन सिद्ध करायला तारीख मात्र बरी निवडली आहे.)

कचेरीतल्या खिडकीपलीकडच्या बाई भल्या होत्या. त्यांनी कायद्याचा शब्द बाजूला ठेवून सोप्या भाषेत विचारलं, "अहो, तुम्ही जगता कशावर?" संस्कृत शिकलेल्या माणसाला हा प्रश्न विचारू नये. मी अन्नमय कोशापासून सुरुवात केली. बाई प्राणमयापर्यंत ऐकत होत्या, मनोमयाच्या तोंडाशी त्या म्हणाल्या, "पगाराची चिठ्ठी आणा, ती नसेल तर नोटरीचा दाखला आणा. चला, पुढचे कोण?"

पगाराची चिठ्ठी माझ्याकडे नाही आणि याला जबाबदार मीच. अकरा वर्षांपूर्वी मी दोन्या सुल्मांच्या घराची मागची खोली भाड्याने घेतली. (या माझ्या घरमालकीणबाई. वय एकोणऐंशी, वैधव्य तीस वर्षांचं, आवाज शाळेच्या घंटेसारखा, कारण जन्मभर शाळेत ती वाजवण्याचंच काम केलं. नावाआधी लावलेलं 'दोन्या' हे इथलं बायकांचं आदरार्थी; पुरुषांना 'दोन' म्हणतात. 'प्रद्युम्न' इथे कुणाच्याच जिभेवर बसला नाही, त्यामुळे मी 'दोन प्रादो' झालो. एका प्रादोचं पोट भरतं की नाही याची चौकशी चालू असताना गावभर मला दोन म्हणतात.) तर या दोन्या सुल्मांनी रस्त्याकडच्या खिडकीत पाटी लावली, 'इथे संस्कृत मिळेल'. पहिल्या दिवशी सहा जण आले ते चटया आणि सैल विजारी घेऊन. गुडघ्यांना ते फार चांगलं, असं कुणीतरी सांगितलं होतं. मी त्यांना त्याच चटयांवर बसवून दोन तास 'रामः रामौ रामाः' म्हणून घेतलं. उठताना प्रत्येकाचे गुडघे दुखत होते. त्यावरून व्यायाम झाला अशी त्यांची खात्री पटली आणि ते पुन्हा आले. तेच सहा अजून येतात. त्यांत दोन्या सुल्मा स्वतः आहेत, आणि वॉशिंग्टन नावाचा एक निवृत्त खाटीक आहे, ज्याचा संधी सोडवण्यात कुणी हात धरणार नाही. कुठे कापलं म्हणजे सांधा अलगद सुटतो, हे त्याला शिकवावं लागलं नाही.

फी किती, असं त्यांनी विचारलं तेव्हा माझ्या अंगात आपल्या पाठशाळेचे गुरुजी आले. मी म्हणालो, विद्या विकत नसतात. ज्याला जे सुचेल ती दक्षिणा. यावर पाऊण तास चर्चा झाली, कारण दक्षिणेला इथे शब्द नाही. "भीक का?" वॉशिंग्टनने विचारलं. म्हटलं, नाही. "मग बक्षिशी? वेटरला देतात तशी?" नाही. "देवळात टाकतात ते?" तेही नाही. शेवटी दोन्या सुल्मा म्हणाल्या, "अरे गप्प बसा सगळे, मला कळलं. ताटाखालचं!"

हे तुला समजावून सांगायला हवं. इथे महिन्याच्या एकोणतीस तारखेला घरोघर 'न्योकी' करतात. उकडलेला बटाटा आणि मैदा मळून केलेले लहान लहान गोळे, आपल्या शेंगोळ्यांचे गोरे भाऊबंद, आणि वर टोमॅटोचं कालवण. पगार एक तारखेला आणि एकोणतीसला घरात बटाट्याखेरीज काही उरलेलं नाही, हे त्यामागचं धर्मशास्त्र. जेवताना प्रत्येकाने आपल्या ताटाखाली एक नोट ठेवायची, म्हणजे पुढचा महिना भरभराटीचा जातो. जेवण झालं की नोट ज्याची त्याच्या खिशात. दोन्या सुल्मांनी यात फेरफार एवढाच केला, की सहा जणांच्या नोटा सहा ताटांखाली न ठेवता सातव्या ताटाखाली, म्हणजे माझ्या, ठेवायच्या आणि त्या परत काढायच्या नाहीत. कोणी किती ठेवलं ते कुणाला कळत नाही. ताट उचलायची वेळ आली की सगळे एकदम कॉफी बघायला स्वयंपाकघरात जातात. याहून सभ्य व्यवस्था मी आपल्या पाठशाळेतही पाहिलेली नाही. महिना कसा गेला ते मला कालवणावरून कळतं. गोष्टी सांगितल्या त्या महिन्यात ताट एका बाजूला कलून कालवण माझ्या मांडीकडे धाव घेतं. कर्मणि प्रयोग शिकवला त्या महिन्यात ते मधोमध स्थिर असतं, तळ्यासारखं. (आक्का, तू आत्ता काय म्हणालीस ते मला इथे ऐकू आलं. समोरच्या मोडकांना आपण 'ताटाखालचं मांजर' म्हणायचो. मांजराला निदान दाखला मागत नाहीत.)

तर हे सगळं घेऊन मी नोटरीबाईंकडे गेलो. बरोबर वॉशिंग्टन होता. कचेऱ्यांतून मी एकटा गेलो तर तत्त्वज्ञान करतो, असं त्याचं मत आहे. बाईंचं नाव माबेल ओलासाबाल. साठीच्या अलीकडे-पलीकडे, केस लोखंडाच्या रंगाचे, इथे जुलैत कडाक्याची थंडी, खोलीत हीटर एकच आणि तो त्यांच्या पायांशी. त्यांनी विचारलं, "उत्पन्नाचं साधन?"

मी म्हणालो, "न्योकी."

"खानावळ आहे का?"

"छे. मी काहीच करत नाही. एकोणतीस तारखेला जेवायला बसतो आणि पैसे मिळतात."

बाईंनी पेन खाली ठेवलं, उठून दार लावून घेतलं. इथे मी एक घोटाळा करून ठेवला होता, आणि अकरा वर्षं या गावचं पाणी प्यायलेल्या माणसाने तो करायला नको होता. 'न्योकी' हा शब्द इथे माणसालाही लावतात. ज्याचं नाव सरकारी हजेरीपटावर आहे, ज्याला काम नाही, जो महिनाभर कुणाला दिसत नाही आणि एकोणतीसच्या न्योकीसारखा महिनाअखेरीला पगाराच्या वेळी मात्र न चुकता हजर असतो, असा इसम तो न्योकी. (बहुव्रीही समासाचं इतकं चांगलं उदाहरण मला व्याकरणाच्या पुस्तकात मिळालं नाही.) बाईंनी आवाज खाली आणून विचारलं, "कुठल्या खात्यात?"

"व्याकरण."

"असं खातं आहे?"

"फार जुनं आहे."

"आणि हे किती वर्षं चाललंय?"

"माझ्यापुरतं अकरा. एरवी दोन-अडीच हजार."

"तुमच्या वरच्यांना ठाऊक आहे?"

"माझे वरचे सगळे वारले," मी म्हणालो. ते खरंच आहे.

इथे वॉशिंग्टनने तोंड घातलं म्हणून मी आज तुला घरून पत्र लिहितो आहे. तो म्हणाला, "अहो बाई, मास्तर चोर नाहीत. चोराकडे चार पैसे असतात." मग त्याने खाटकाच्या पद्धतीने, म्हणजे टेबलावर हात आपटत, सगळी हकिगत सांगितली. बाईंनी ती ऐकून घेतली आणि म्हणाल्या की हे सगळं ऐकीव झालं. नोटरी जे डोळ्यांनी बघते त्यालाच शिक्का मारते. प्रत्यक्षाखेरीज दुसरं प्रमाण न मानणारा माणूस मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा भेटला, आणि नेमका तो माझ्या दाखल्यावर बसलेला. "एकोणतीस परवाच आहे ना?" त्या म्हणाल्या. "मी जेवायला येते. कालवणात लसूण फार घालू नका म्हणावं."

त्या दोन दिवसांत माझ्या सहा शिष्यांनी माझ्या माघारी सभा भरवली. मी जेवायला बसलो तेव्हा ताट माझ्या छातीशी आलेलं होतं. खाली नोटांचा असा थर, की पहिलीच न्योकी घेतली तशी ताटाने डुलकी खाल्ली आणि दुसरी गडगडत नोटरीबाईंच्या मांडीवर गेली. त्यांनी ती उचलली, बशीत ठेवली, रुमालाने बोट पुसलं आणि माझ्या ताटाकडे बघून म्हणाल्या, "दर महिन्याला एवढंच असतं?"

"एवढंच!" दोन्या सुल्मांनी घंटा दिली.

"शपथेवर?"

इथले लोक खोटं बोलतात, पण जेवताना शपथेवर बोलायला कुणी धजत नाही. आधी वॉशिंग्टन फुटला. "माझे त्यातले दातांचे आहेत," तो म्हणाला. "वरची कवळी बसवायची होती. खालच्यांवर भागतं तसं." मग एकीचे नातवाच्या बुटांचे निघाले. मग एकाने छपराच्या पत्र्यांचं नाव घेतलं. शेवटी सगळे दोन्या सुल्मांकडे बघायला लागले.

"माझे घरभाड्याचे," त्या म्हणाल्या.

"कुठल्या घराच्या भाड्याचे?" नोटरीबाईंनी विचारलं.

"ह्याच. ह्यांच्याच खोलीचं. एक तारखेला ह्यांनीच दिलं ना मला!"

म्हणजे मी दिलेलं भाडं माझ्याच ताटाखाली माझंच उत्पन्न होऊन बसलं होतं. आक्का, मी त्या क्षणी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. कोश दोन पेट्यांत मावतील की तीन, इथवर माझं आलं होतं. नोटरीबाईंनी एकेकाच्या तोंडाकडे बघून घेतलं. मग म्हणाल्या, "असं काय शिकवतात हे, की माणूस दात आणून ठेवतो?"

दोन्या सुल्मांनी चमचा ताटावर वाजवला आणि 'रामः' म्हणून सुरुवात केली. मग सगळे. सात विभक्त्या आणि संबोधन, न अडखळता, तोंडात बटाटा असताना. 'रामेभ्यः'ला वॉशिंग्टनच्या नसलेल्या दातांतून वारा सुटला, पण विसर्ग इतका शुद्ध मी पाठशाळेतही ऐकला नव्हता. नोटरीबाई जेवत ऐकत होत्या. त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मग हात पुसून त्यांनी हुकूम सोडला, ज्याने जे जास्तीचं ठेवलं ते ज्याने त्याने काढून घ्यावं. दात गेले, बूट गेले, पत्रे गेले, माझं भाडं गेलं. ताट उतरत उतरत खाली आलं. दोन्या सुल्मा एक डोळा मिटून बघत होत्या. "अजून थोडं... अजून... हां. इतकंच असतं. जूनमध्ये एवढंसुद्धा नव्हतं, जूनमध्ये ह्यांनी ते कर्मणि का काय ते काढलं होतं." सहाही जणांनी ती उंची शपथेवर मान्य केली. बाईंनी ताटाखालचं मोजलं, सहांच्या जबान्या घेतल्या आणि तिथेच, कालवणाच्या डागाशेजारी, दाखला लिहिला.

तो दाखला माझ्यासमोर आहे. गेली अकरा वर्षं मी या देशाच्या सरकारी भाषेची चेष्टा करत आलो, ती मी परत घेतो. त्यात म्हटलं आहे, 'मी, खाली सही करणारी, प्रमाणित करते की सदर गृहस्थाची जीवनसाधने मी ताटाखाली आणि ताटाभोवती प्रत्यक्ष पाहिली. ताटाखालची साधने पुरेशी आहेत. ताटाभोवतीची मोजलेली नाहीत. सदर उत्पन्नास दक्षिणा असे नाव असून त्याला आमच्या भाषेत शब्द नाही. सदर गृहस्थाचे सर्व भांडवल त्याच्या डोक्यात आहे.' मी सद्गदित होऊन विचारलं, बाई, आपली फी? मनात आलं, म्हणतील, ज्याला जे सुचेल ते. त्या म्हणाल्या, "आमचे दर भिंतीवर लावलेले असतात. मी विद्या विकते."

तर असं आहे. दाखला पुरा व्हायला त्यावर फक्त माझी सही हवी, आणि ती काय, आज-उद्या होईल. दाजींना नमस्कार, मृण्मयीला आशीर्वाद. इतकं लांब वाचून तिचा घसा बसला असेल तर तिला खडीसाखर दे, दाजींना देऊ नकोस.

तुझा,
प्रद्युम्न

ता. क. चारपैकी एक वडी दोन्या सुल्मांनी खाल्ली आणि त्या अर्धा दिवस गोड बोलल्या. कृती कळव. तीळ इथे पक्ष्यांच्या दाण्याच्या दुकानात मिळतात.

ता. क. २. दाजींनी गेल्या खेपेस विचारलं होतं, की तिकडे कायमचं राहायचं खूळ कशाला, कोण बसलंय तिथे तुझं. त्यांना म्हणावं, सहा जण बसले आहेत, चटयांवर.

ता. क. ३. हे पान मृण्मयीकडून वाचून घेऊ नकोस. चष्मा लाव आणि तू वाच.

वर लिहिलं ते सगळं खरं आहे, पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. दाखल्याखाली एक ओळ छापलेली असते आणि तिच्याखाली माझी सही लागते. 'ही साधने कायम स्वरूपाची आहेत, असे मी शपथेवर सांगतो.' पाच दिवस झाले, ती मी केलेली नाही. जूनमध्ये वर्गात 'अस्मद्' चालवत होतो. अहम्, माम्, मया इथवर आलो आणि पुढे काही नाही. नानांनी मी पाच वर्षांचा असताना दात घासायच्या आधी म्हणून घेतलेलं, आणि पुढे काहीच नाही. हातात खडू, समोर सहा जण. वॉशिंग्टनला वाटलं मी परीक्षा घेतोय. त्याने खणखणीत 'मह्यम्, आवाभ्याम्, अस्मभ्यम्' म्हटलं आणि मी त्याला शाबास म्हणालो. त्यानंतर आणखी दोनदा तसं झालं. इथे कुणाला सांगितलेलं नाही.

नानांचं सुरू झालं तेव्हा मी तिरुपतीला शिकत होतो, आणि घरी तू होतीस. मला तू कळवलंस तेव्हा त्यांना सत्तावन्नावं लागलं होतं, पण सुरुवात त्याआधीची असणार. माझं शिक्षण मोडू नये म्हणून तू उशिरा कळवलंस, हे मला तेव्हाही समजलं होतं. त्यांचं वय नेमकं किती होतं, आणि ते पहिल्यांदा काय विसरले? मला आता बावन्न पुरी झाली. बरं वाटावं म्हणून वाढवून सांगू नकोस. चौदा तारखेच्या आत फोन कर.

तू नऊ वर्षं त्यांना न्हाऊमाखू घातलंस, आणि शेवटी ते तुला, पोटच्या मुलीला, 'बाई, आपण कोण?' म्हणायचे. इथून परत निघालो तर माझ्यासाठी दार एकच आहे, ते तुझं, आणि तुझा गुडघा असा. तेच सगळं पुन्हा तुझ्यावर येईल, एवढीच मला भीती वाटते.